काटा लाल पट्टीत, टाकी अर्धी

२४ सप्टेंबर
यांची मोटरसायकल बंद पडली. अंगणवाडीवरून कंधारला परत येताना, तळ्याच्या चढावर. पेट्रोलचा काटा अर्ध्यावर आणि टाकी कोरडी ठणठणीत. यांनी शिकवलं होतं तसा टाकीखालचा कॉक रिझर्व्हवर फिरवायला गेले, तर तो आधीपासूनच रिझर्व्हवर. कधीपासून, कोण जाणे. मीच फिरवला असेल.

ढकलत निघाले. रानात सोयाबीन काढणाऱ्या बायांतली एक ओरडली, "बाई, गाडीला चारा टाका की!" मीही हसले. पुढे चढ आला, हसू संपलं.

शेवटी व्यंकट भाऊजींना फोन. यांचे धाकटे भाऊ, गावाकडं शेती बघतात. बाटलीत पेट्रोल घेऊन आले. ओतताना एवढंच म्हणाले, "वहिनी, मी सांगायलोय कवापासून, ही गाडी आमच्याकडं ठिवा."

२५ सप्टेंबर
व्यं. भाऊजी घरी आले. चहा पूर्ण घेतला, मग विषय काढला. "दसऱ्याला गाडी आमच्या दारात नेतो. ट्रॅक्टरसंगं पूजा हुईल. मग राहू द्या तिथंच. तुम्हाला लागली तर एक फोन करा."

फोन करून मिळणारी गाडी माझी कशी? असं मनात आलं. म्हटलं, "काटा दुरुस्त करून घेते."

"काटा? तो काटा दादा असतानापासून तसाच. बारा वर्षांत मी कितीदा नेली असंल, कवाबी बघा, काटा खालीच. दरवेळी पेट्रोल टाकूनच आणली. आता तर कुठंबी उड्या मारतोय."

"दुरुस्त झाला तर?"

"दसऱ्यापर्यंत दुरुस्त झाला तर ठेवा. मी सोता बघणार. न्हाई तर गाडी माझ्याकडं. रस्त्यात तुमचं काही झालं तर लोक मला इचारतील, वहिनी."

वाईट माणूस नाही. तोच तर त्रास आहे. वाईट असते तर भांडले असते.

२८ सप्टेंबर
नांदेडला नेली. चकचकीत दुकान, काचेचं दार. पोरसवदा साहेबानं गाडीकडं न बघताच सांगितलं, "मावशी, अख्खं मीटर बदलावं लागेल. आणि ते आता येत नाही." मग नव्या स्कूटरचा कागद हातात दिला. छान गुळगुळीत कागद. डब्याखाली अंथरला.

येताना दर पाच किलोमीटरला थांबून टाकीचं झाकण उघडून आत बघितलं. लोकांना वाटलं असेल बाईचं काही हरवलंय.

१ ऑक्टोबर
आमच्याच बसस्टँडमागे रज्जाक मिस्त्री. आधी इथंच यायला हवं होतं. यांना ओळखायचे. हे लाइनमन, त्यामुळे दोघांचं तारांवरून जमायचं.

मिस्त्रींनी हत्यार हातातच घेतलं नाही. आधी विचारलं. काटा कधी उडतो? वळणावर की खड्ड्यात? पाऊस पडल्यावर? टाकी भरल्यावर खोटं बोलतो की रिकामी असताना? मी सगळं सांगितलं. अंगणवाडीच्या रजिस्टरमध्ये मागच्या पानावर टिपून ठेवलं होतं, तेही दाखवलं. बराच वेळ वाचत बसले. म्हणाले, "भाभी, असं पेशंट मला पहिल्यांदा भेटलं, जे आपली केस लिहून आणतंय."

माझी इयत्ता चौथीनंतर शाळा नाही, म्हणून अंगणवाडीतही मदतनीसच. पुढचं वाचणं यांनी लायब्ररीतून आणलेल्या पुस्तकांवर. तरी आज बरं वाटलं.

मग सीट काढून टाकीखालची जोडणी सुटी केली. तारेचा एक तुकडा घेतला, त्यानं जोडणीची दोन टोकं जोडली. किल्ली फिरवली. काटा सावकाश उठला आणि भरलेल्या खुणेवर जाऊन उभा राहिला. तार काढली, काटा खाली. पुन्हा जोडली, पुन्हा वर.

"बघा. मीटर एकदम तंदुरुस्त. वायरिंगबी. बिमारी टाकीत हाय."

एका तारेच्या तुकड्यानं अर्धी गाडी निर्दोष सुटली. तिकडं काचेच्या दारात अख्खं मीटर बदलत होते.

परवा टाकी उतरवणार.

३ ऑक्टोबर
घट बसले. सकाळी लवकर आवरून मिस्त्रींकडे.

पेट्रोल कॅनमध्ये काढलं. टाकी उतरवून जुन्या गोधडीवर पालथी ठेवली, बाळाला ठेवावं तशी. बुडाशी चार नट. ते काढून हळूच तिरकं करत आतला भाग बाहेर घेतला. एका पातळ दांडीच्या टोकाला प्लास्टिकचा तरंगता डबा. पेट्रोल वाढलं की डबा वर, दांडीही वर, आणि दुसऱ्या टोकाची पत्ती एका पट्टीवरून सरकते. त्यावर काटा चालतो. एवढंच. इतकी वर्षं ज्याच्याकडं बघत आले ते इतकं साधं.

पट्टीवर मध्यभागी काळा थर. पत्ती तिथं अडकायची, म्हणून काटा अर्ध्यावर. मिस्त्री घासायला कानस घेणार असं वाटलं. त्यांनी खिशातून खोडरबर काढला. शाळेतला. "कानस मारली की पट्टी गेली. हिला प्यारनं पुसावं लागतं." अर्धा तास पुसत होते. मध्ये नमाजला गेले, येऊन पुन्हा तेच. तारा तपासायचं आकड्यांचं मीटर लावून दांडी हळूहळू वर नेली, आकडे एकही उडी न मारता चढले. मी श्वास धरून बघत होते.

मग दांडी उजेडात धरून फिरवून फिरवून बघितली.

"भाभी, हे कंपनीचं न्हाई. कुणीतरी वाकवलंय. मुद्दाम. पकडीनं."

दांडी मधोमध किंचित खाली वाकलेली. तिथं दातांच्या खुणा. "अशी वाकवली की टाकीत निम्मं असलं तरी काटा लाल पट्टीत. हिशेबानं वाकवलंय, भाभी. टाकी सहा वेळा तरी उतरवली असंल हे जमवायला. साधा हात न्हाई हा."

मी दांडी मागून घेतली. घरी आणली. यांची पकड अजून खिळ्यावर आहे, लाल मुठीची. तिच्या दातांत ती खूण ठेवली.

बसली.

४ ऑक्टोबर
काल पुढे लिहिवलं नाही.

आता सगळं कळतंय. गल्लीत, गावात, कुणाचं लग्न असो, दवाखाना असो, तहसीलचं काम असो, "जरा गाडी देता का?" हे कुणाला नाही म्हणायचे नाहीत. आणि पेट्रोल टाका असंही कधी म्हणायचे नाहीत, तोंडातून निघायचंच नाही. मी कुरकुर करायची. हे म्हणायचे, "टाकतात गं लोक. माणसं चांगली आहेत."

चांगली कशी नसणार. काटा लाल पट्टीत बघून कोण तसाच निघेल!

गाडी परत आली की हे टाकीवर टिचकी मारायचे आणि मिशीत हसायचे. मला वाटायचं, गाडी सुखरूप आली म्हणून. बारा वर्षं एका घरात, एका ताटात, आणि मलासुद्धा सांगितलं नाही. राग यायला हवा. दिवसभर हसू येतंय. मग पोळी करताना...

असो. अशा माणसाशी संसार केला.

लातूरला रेखाला फोन केला. लेक आधी खूप हसली. "म्हणजे व्यंकटकाकांचं सगळं पेट्रोल?" मग म्हणाली, "आई, सरळ करून टाक दांडी. तू एकटी असतेस रस्त्यावर. पप्पा काही परत येऊन सांगणार नाहीत किती आहे ते."

बरोबर आहे तिचं.

६ ऑक्टोबर
मिस्त्री वाट बघतायत. "सरळ करू की राहू देऊ? दोन मिनटाचं काम हाय."

सरळ केली तर काटा खरं बोलेल. भाऊजी बघतील, गाडी माझ्या दारात राहील. पण यांच्या हातानं केलेलं मोडेल. घरात त्यांच्या हातचं फार उरलेलं नाही. शर्ट गेले. विजेचं बटण त्यांनी बसवलेलं, तेही पावसाळ्यात जळालं.

नाही केली तर काटा लाल पट्टीतच. भाऊजी म्हणतील, दुरुस्त कुठं झाला? खरं सांगावं लागेल. सख्ख्या भावाला सांगायचं की तुमचा दादा बारा वर्षं तुम्हाला... नको. गेलेल्या माणसाबद्दल असं कळू नये. दादाचं नाव काढलं की आजही डोळे भरतात त्यांचे.

मिस्त्रींना हे सगळं बोलले. ते हातातला खोडरबर फिरवत ऐकत होते. म्हणाले, "भाभी, काटा खोटा असला तरी चालतो. रोज एकसारखाच खोटा पाहिजे. मग वाचता येतो. तुम्हाला तर वाचता येतं."

८ ऑक्टोबर
दांडी होती तशीच बसवली. रबरी वॉशर नवा.

मग मिस्त्रींनी जे केलं ते कुणी करणार नाही. रिकाम्या टाकीत मापानं एकेक लिटर ओतत गेले. दर लिटरला गाडी सरळ उभी करायची, दहा पावलं फिरवायची, काटा थांबेपर्यंत थांबायचं, आणि मी लिहायचं. तीन लिटरपर्यंत काटा हलतच नाही, लाल पट्टीच्या बुडाशी. चारला पट्टीच्या मध्यावर. सहाला वरच्या काठाला टेकतो. आठला पहिल्या पांढऱ्या रेघेवर. दहाला अर्धं. काठोकाठ भरली तरी पाऊणच्या पुढं जात नाही. दोनदा मोजलं, दोन्हीदा तेच.

सगळी दुपार गेली. दुसरी दोन गिऱ्हाइकं त्यांनी परत पाठवली. मी म्हटलं, एवढं कशाला. तर म्हणे, "तुमच्या मिस्टरनं मला न सांगता माझ्या लाइनीचं काम केलं, आन माझ्यापेक्षा चांगलं केलं. आता मला बी काहीतरी करून दाखवू द्या की."

तक्ता वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून ठेवला. पाठही झालाय.

११ ऑक्टोबर
भाऊजी आले. सरळ गाडीकडं गेले, किल्ली फिरवली. टाकीत चार लिटर, मीच टाकलेलं. काटा लाल पट्टीत.

"हे काय दुरुस्त? वहिनी, उद्या दसरा. मी गाडी नेतो."

म्हटलं, "मागं बसा."

"आं?"

"मागं बसा. लोह्यापर्यंत जाऊन येऊ. बंद पडली तर ढकलत तुमच्या दारात आणून देते."

माणूस लाजला. बाईच्या मागं बसायचं, तेही कंधारच्या चौकातून. टोपी कपाळावर ओढली, बसले. नाक्यावर कुणीतरी म्हणालंच, "व्यंकटराव, लायसन जप्त झालं का काय?"

सगळी वाट एकच घोष. "आता पडंल बंद. वहिनी, पंप आला. पंप गेला की हो! काटा बघा, काटा!" मी काटा बघतच होते. तळ्याचा तोच चढ, मधल्या गिअरमध्ये, एका दमात. हाच चढ यांनी मला शिकवला होता. मागं बसून, अजिबात न बोलता. दोन भावांत एवढा फरक.

लोह्याला चहा घेतला, परत आलो. दारात उतरल्यावर भाऊजींनी टाकीचं झाकण उघडलं. वाकून आत बघितलं. मग काट्याकडं. पुन्हा आत. झाकण लावलं.

काहीतरी विचारतील म्हणून मी उभी. पाणी पिऊन गेले. गाडी नेली नाही.

१२ ऑक्टोबर, दसरा
सकाळी गाडी धुतली. हळदकुंकू मीच लावलं, झेंडूचा हार मीच घातला. शेजारच्या काकू दारात उभ्या राहून बघत होत्या. बघू दे.

यांचं हेल्मेट खुंटीवरच असतं, ते पूजेपुरतं आरशाला अडकवलं.

दुपारी भाऊजी सोनं द्यायला आले. पाया पडले, बसले. ट्रॅक्टरची पूजा झाली म्हणाले. उठताना, "जरा गाडी देता का वहिनी? तासाभरात आणतो."

दिली. नाही म्हणता येत नाही, हे मलाही लागलंय बहुतेक.

तासाभरानं आले. "दोन लिटर टाकलंय. काटा खालीच व्हता."

ते चपला घालेपर्यंत किल्ली फिरवून बघितलं. काटा वर चढला होता. किती, ते मनातल्या तक्त्यावर लावलं. बरोबर दोन.

काल झाकण उघडून बघितलेल्या माणसानं आज पुन्हा पेट्रोल का टाकावं? तोंडाकडं बघितलं. काही कळलं नाही. जाता जाता टाकीवर टिचकी मारली. घरातली सवय असेल.

गाडीचं दिवाळीत बोलू, म्हणाले. किल्ली त्यांनीच गाडीतून काढून खिळ्याला लावली, पकडीशेजारी.