ब्रेक कोणी ओढला

३ जानेवारी

आज दुपारी कोलोझवारहून फेन्येशपाटकला सुखरूप पोहोचलो. 'सुखरूप' हा शब्द लिहिताना लेखणी किंचित अडखळली. पत्नीच्या, एमोकेच्या निधनानंतर तो या रोजनिशीत प्रथमच येत आहे. तरीही दिवस खरोखर प्रसन्न होता. देवदारांच्या रांगांवर ऊन होते आणि बर्फ साखरेसारखा कोरडा होता.

खनिजपाण्याच्या कारखान्यात यंत्रविभाग माझ्याकडे राहील. वास्तव्य रोझाली मावशींच्या घराच्या वरच्या मजल्यावर. मावशी हृदयाने दुबळ्या आहेत, जिभेने नव्हेत. मला पाहताच म्हणाल्या, "इंजिनिअरबाबा, कोलोझवारला जेवायची बंदी आहे का हो? कोट काढलात तर आत माणूस सापडायचा नाही!" मग मक्याची उकड आणि मेंढीचे चीज यांचा डोंगर माझ्यापुढे रचला.

त्यांचा मुलगा गेर्गेली आठवडाभर जंगलात लाकूडतोडीवर असतो आणि शनिवार-रविवार घरी येतो. मी गाडी अंगणात उभी करून सवयीने हँडब्रेक ओढला, तेव्हा तो खिडकीशी येऊन हसला. "साहेब, तो दांडा खाली करा. इथं थंडीत हँडब्रेक ओढतो तो एकतर परका, नाहीतर पिऊन आलेला." त्याने फाटकाजवळचा बीच लाकडाचा ठोकळा आणून स्वतःच्या हाताने माझ्या चाकाखाली सारला. येथील रीत अशी की पाहुण्याच्या चाकाखाली यजमान ठोकळा लावतो आणि निरोपाच्या वेळी यजमानच तो काढतो. त्यावर ब्रेकही ओढणे म्हणजे यजमानावर अविश्वास दाखवणे. मी क्षमा मागितली.

अंगणात दुसरी गाडी नाही. बर्फ पडल्यावर रुग्णवाहिका मुख्य रस्त्यापर्यंतच येते. आईला कधी बरे वाटेनासे झाले तर तेथपर्यंत पोहोचवाल का, असे गेर्गेलीने विचारले. मी वचन दिले.

१२ जानेवारी

काल मावशींना चर्चला नेऊन आणले. त्या पुढे, माझ्या शेजारी बसल्या होत्या. आज सकाळी गाडी निघेना. मागची चाके फिरण्याऐवजी बर्फावर फरफटत होती. हँडब्रेक पूर्ण ओढलेला होता आणि ब्रेकचे पट्टे चाकाच्या आतील ड्रमला गोठून चिकटले होते.

मी शिक्षित माणसाला शोभेल असा मूर्खपणा केला आणि किटलीभर उकळते पाणी चाकावर ओतले. तेही गोठले. गेर्गेली आज उशिरा निघणार होता म्हणून वाचलो. तो म्हणाला, "वा साहेब! आता चाकाला चहा-बिस्किटंही द्या." मग हातोड्याने ड्रमवर ठोके देत, गाडी पुढे-मागे झुलवत त्याने चाके सोडवली.

"पण ओढला कोणी?" त्याने विचारले.

मीच ओढला होता. चर्चहून परतताना सवयीने ओढल्याचे मला स्पष्ट आठवत होते. तरी मी म्हणालो की कदाचित उतरताना मावशींचा हात लागला असावा.

मावशी दारातूनच म्हणाल्या, "असेल बाबा. चूक माझीच."

दिवसभर कामात लक्ष लागले नाही.

१२ जानेवारी

मावशींचे ते 'चूक माझीच' मी पूर्वीही ऐकले आहे; ते येथे मांडून ठेवणे भाग आहे. गेल्या फेब्रुवारीत एमोकेच्या छातीत कळ आली. मी तिला गाडीत बसवले आणि चाके हलेनात. आदल्या संध्याकाळी गाडी धुऊन, ओल्या चाकांनिशी, हँडब्रेक मीच ओढला होता. तिने तर आठवडाभर गाडीला हातही लावला नव्हता. तरीही मी तिच्यावर ओरडलो की किती वेळा सांगायचे तुला, थंडीत ओढू नकोस. ती कण्हत म्हणाली, "चूक माझीच, लोरिन्त्स." रुग्णवाहिका आली तेव्हा फार उशीर झाला होता. अंत्यविधीच्या वेळी मी तिच्या भावालाही हेच सांगितले: ब्रेक तिने ओढला होता.

२० जानेवारी

एक विचित्र गोष्ट. गेले काही दिवस मी हँडब्रेक ओढत नाही. गाडी गिअरमध्ये ठेवतो, गेर्गेली जंगलात असल्याने ठोकळाही मीच लावतो, दांडा खाली असल्याची खात्री करतो आणि दार कुलूपबंद करतो. सकाळी दांडा वर असतो. चाके गोठलेली. हातोडा मी आता स्वतः चालवतो.

किल्ली माझ्या खिशात असते.

२५ जानेवारी

आज दांड्याला हात लावला. बाहेर उणे सत्तावीस. गाडीतील प्रत्येक वस्तू बोटांना चटका देणारी थंड, आणि दांडा मात्र उबदार होता. नुकताच कोणी सोडलेला असावा तसा.

शेजारच्या आसनासमोरची काच तेवढी श्वासाने धुरकटली होती.

२९ जानेवारी

हातोड्याने ड्रमवर ठोका दिला. आतून ठोका आला. मी थांबलो. तो थांबला नाही.

मला वाटते, मला उमगले आहे. ती सूड घेत नाही. सूड मी सहन केला असता. ती रोज ब्रेक ओढते, कारण मी सांगितले होते की ब्रेक तिने ओढला. माझे असत्य ती खरे करून देते आहे. मी खोटा ठरू नये म्हणून.

मी सत्य उच्चारले, तर कदाचित ती हात काढील. परंतु कोणासमोर उच्चारू? गेर्गेलीसमोर उच्चारायचे, तर त्याच्या आईबद्दलचेही सांगावे लागेल.

येत्या रविवारी सांगेन.

१ फेब्रुवारी, रविवार

मावशी सकाळी चुलीपाशी कोसळल्या. आम्ही त्यांना मागच्या आसनावर निजवले. चाके गोठलेली. गेर्गेली हातोडा मारत होता, मी दोन्ही हातांनी दांडा खाली दाबत होतो, आणि कोणीतरी तो हळुवारपणे, आर्जवाने, वर ओढत होते.

गेर्गेली ओरडला, "कोणी ओढला हा ब्रेक?"

मावशींचे ओठ निळे पडले होते. त्या पुटपुटल्या, "काल मीच बसले होते रे पुढे... माझाच हात..."

त्याने माझ्याकडे पाहिले. "साहेब, आईनं ओढला?"

एक वाक्य पुरेसे होते. दांडा माझ्या तळव्याखाली थरथरला. ती वाट पाहत होती, हे मला कळत होते.

मी मान हलवली. होय, अशी.

गेर्गेलीने त्यांना लाकडाच्या घसरगाडीवर घातले आणि ओढत धावला. मुख्य रस्ता दिसू लागला होता, तेव्हा त्या गेल्या.

५ फेब्रुवारी

दफनानंतर गेर्गेली माझ्यापाशी आला. म्हणाला, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका, साहेब. म्हाताऱ्या माणसाची चूक. तुम्ही काय करणार?" आणि वाकून, हातमोजे काढून, स्वतःच्या हाताने ठोकळा माझ्या चाकाखाली लावला.

मी आभार मानले. मी आभार मानले.

६ फेब्रुवारी

दांड्यावर आज उबेच्या दोन जागा आहेत. एक वर. एक तिच्या खाली.

८ फेब्रुवारी

गाडीत बसून लिहितो आहे. नंतर माघार घेता येऊ नये, म्हणून आधी कागदावर. हँडब्रेक मी ओढला होता. कोलोझवारला मी. येथेही मी. गेल्या रविवारी मान हलवली ती मी—

दांडा खाली केला. वर आला. पुन्हा खाली— आता ओढ अधिक जोराची आहे, दोघींची—

दोन्ही चाकांतून ठोके.

गेर्गेली फाटकातून येतो आहे. हातात हातोडा. मला पाहून हसला, बिचारा. मी निघालो, निरोपाला ठोकळा काढायचा, असे त्याला वाटते—

काचेशी आला. विचारतो आहे, आता तर आई नाही, साहेब, मग आज कोणी ओढला—

काच खाली करतो आहे. मोठ्याने म्हणायचे. मी. एवढेच. मी तोंड उघडले, आणि माझ्या आधी, मागच्या आसनावरून, दोघी एका सुरात— चूक आमची—

तो मागे पाहतो आहे. त्याला ऐकू आ—