चारठाण्याच्या एकसष्ट जणी

परभणी,
२० मे २०२६

प्रिय सुकेशनी,

आधी एक दुरुस्ती. मार्चमधल्या पत्रात मी तुला लिहिलं होतं की फेब्रुवारीत आमच्या दवाखान्याचा सर्व्हर बंद पडला, तेव्हा त्या आठवड्याच्या माहितीच्या नकला, म्हणजे बॅकअप, खराब निघाल्या. त्या खराब निघाल्या नव्हत्या. मी पुसल्या होत्या. ‘खराब निघाल्या’ हे शब्द आमचे व्यवस्थापक योगीराज सर यांनी मला अहवालात लिहायला सांगितले, आणि तेच मी तुलाही लिहिले. फोनवर बोलायला गेले तर मी पुन्हा अर्ध्यावरच थांबेन, म्हणून कागद घेऊन बसले आहे.

तुला हे नीट कळायला हवं. दर रविवारी यंत्र आपोआप सगळ्या माहितीची पूर्ण नक्कल काढतं. इतर दिवशी मात्र आदल्या संध्याकाळपासून जेवढं बदललं तेवढंच उतरवून घेतं, कारण रोज सगळं उतरवायला जागा पुरत नाही. आईला मी हे एकदा समजावून सांगितलं होतं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, “मंग त्या मशीनला बी आईतवारीच लय काम हाय म्हन की, माज्यावानी.” त्या नकला परत कशा जोडतात ते मी तिला सांगितलं नाही, कारण ते मलाच ठाऊक नव्हतं.

कॉम्प्युटरवर येण्याआधी मी दोन वर्षं वॉर्डात लिहिण्याचं काम केलं. तिथे लक्ष्मीबाई सिस्टरांची एक पद्धत होती. सोमवारचा कागद मंगळवारी नव्याने लिहायचा, खाली मंगळवारची भर घालायची आणि सोमवारचा फाडून टाकायचा. शुक्रवारच्या कागदात सगळा आठवडा असायचा. मला वाटलं, यंत्रही तसंच करत असणार. म्हणून दर शनिवारी सकाळी मी रविवारची पूर्ण नक्कल ठेवायचे, शुक्रवारची ठेवायचे आणि मधल्या चार पुसून जागा करायचे. मला कुणी सांगितलं नव्हतं. डिस्क भरत आली की सर चिडायचे, म्हणून मीच हे सुरू केलं. तीन वर्षं केलं आणि काही बिघडलं नाही, कारण त्या तीन वर्षांत नकलेची गरजच पडली नाही. शुक्रवारची नक्कल बुधवारच्या नकलेहून लहान असते, हे मी कितीदा पाहिलं होतं. सगळा आठवडा तिच्यात असता तर ती मोठी असायला हवी होती. मनात आलंही होतं, पण विचारलं नाही. हॉस्टेलात मी तीन-तीनदा मागे फिरून कुलूप ओढून पाहायचे आणि तू दारातून ओरडायचीस, “निके, चल आता, कुलूप झिजलं.” तीच मी.

आता तुझ्या गावातल्या, चारठाण्याच्या शिबिराचं सांगते. तू आठ दिवस दारोदार फिरून बाया तयार केल्या होत्यास. गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी म्हटल्यावर निम्म्या जणी पदराआड हसत होत्या आणि निम्म्या रागावल्या होत्या. मग तुझ्या शेजारच्या चतुराबाई पुढे झाल्या. आतून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “जावा गं, काय होत न्हाई. आमच्या मालकानं बी एवढं निरखून पायलं न्हाई कदी.” त्यानंतर रांग हलली. तुझ्या आईही गेल्या. एकसष्ट जणी झाल्या. मंगळवार होता, १० फेब्रुवारी. तपासताना प्रत्येकीच्या गर्भपिशवीच्या तोंडाचे फोटो काढले होते, ते त्या रात्री सर्व्हरवर चढवले आणि पुढच्या शिबिरासाठी कॅमेरा रिकामा केला. निघताना मीच माईकवर सांगितलं होतं, की ज्यांच्यात काही निघेल त्यांनाच फोन येईल, फोन आला नाही तर काळजी करू नका.

गुरुवारी बाहेरगावचे डॉक्टर आले, सगळे फोटो पाहिले आणि निकाल थेट कॉम्प्युटरवर भरले. मी मागे उभी होते. सात नावांपुढे लाल खूण होती. सोमवारी फोन करायचे होते. शनिवारी सकाळी मी नेहमीसारख्या मधल्या नकला पुसल्या आणि दुपारी सर्व्हर बंद पडला. नांदेडहून आलेल्या माणसाने रविवारची पूर्ण नक्कल चढवली आणि सोमवारची मागितली. ती नाही म्हटल्यावर त्याने शुक्रवारची उघडून दाखवली. तिच्यात फक्त शुक्रवार होता. तो म्हणाला, “मॅडम, ह्या एकीवर एक बसतात. मधली काढली की वरची कशावर बसवू?” पुसलेलं परत काढायचाही त्याने प्रयत्न केला, पण त्या जागेवर नवं लिहिलं गेलं होतं.

तर मार्चच्या पत्रातली दुसरी ओळही खोटी आहे. ‘निकाल त्याआधीच पाहून झाले होते, कुणात काही निघालं नाही’ असं मी लिहिलं होतं. सात निघाल्या होत्या. सात हा आकडा मला आठवतो, नावं आठवत नाहीत. डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, महिन्याला हजार फोटो पाहतो. सर म्हणाले, पुढच्या वर्षी पुन्हा शिबिर घेऊ, आता गावाला घाबरवू नको, आणि तुझी नोकरी तुला नको असेल तर तसं सांग. आमच्या गावी, चुडाव्याला, बाबा स्टेशनवर भेटेल त्याला सांगतात, पोरगी दवाखान्याचं मशीन सांभाळते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेत गेलं नव्हतं. मी गप्प राहिले. तीन महिने झाले. ते मी कुणालाच परत देऊ शकत नाही.

गेल्या आठवड्यात तू सहज लिहिलंस की चतुराबाईंना अंगावरून लाल जातंय, कंबर दुखते, तू जिंतूरला दवाखान्यात चल म्हणालीस तर त्यांनी तुलाच दटावलं: “परभनीहून फोन आला का? न्हाई ना. मंग मला काय बी न्हाई.” ते वाचल्यापासून अन्न गोड लागत नाही. त्या सातांत त्या होत्या की नव्हत्या, मला माहीत नाही. तुझ्या आई होत्या का, तेही नाही.

हे पत्र मी क्षमेसाठी लिहिलेलं नाही. हे पत्र मिळताच, ते दाखवून, चतुराबाईंना सरकारी दवाखान्यात ने. तुझ्या आईंनाही. शिबिरातल्या सह्या-अंगठ्यांचा कागद तुझ्याकडे आहे, तो जपून ठेव, कारण आता एकसष्ट जणींची नावं फक्त त्याच्यावर आहेत. पेरणी सुरू झाली की बाया घरी सापडणार नाहीत, म्हणून त्याआधी येते. पौर्णिमेला विहारात जमतील त्यांना तिथे सांगेन, बाकीच्यांना घरोघरी जाऊन सांगेन, की फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं नाही, आणि तो माझ्यामुळे आला नाही. तू माझ्याबरोबर उभी राहिली नाहीस तरी चालेल. खरं काय झालं ते सरांना मी आज सकाळी लिहून दिलं आहे. मी येते आहे पौर्णिमेच्या दिवशीच, रविवारी, ३१ मे रोजी, सकाळच्या पहिल्या बसने.

तुझीच,
निकिता