दीक्षाचा सामना आम्ही कसा पाहिला

कामोठे,
मंगळवार

आदरणीय बाजीरावदादा यांना चंद्रशेखरचा सप्रेम जयभीम. वहिनींनाही सांगा.

तुमचा गुडघा आता जिना मानतो का, वहिनींची शुगर ताळ्यावर आहे का, आणि डेपोतून रिटायर झाल्यावरही तुम्ही रोज सकाळी पहिली गाडी वेळेवर सुटली की नाही ते बघायला स्टँडवर जाता हे खरं का, तेवढं कळवा. आम्ही इकडे ठीक. माझी एपीएमसीतली कारकुनी चालू आहे (कांद्याचा वास आता शर्टाला नाही, मलाच येतो, असं तुमच्या भावजयीचं, संघमित्राचं, म्हणणं). घरात फोन असताना हा माणूस पत्र कशाला लिहितो, असं तुम्हाला वाटेल. दादा, दीक्षा पोर्तुगालला गेली त्याला चौदा महिने झाले, आणि या चौदा महिन्यांत फोनवर मी तिचं नाव काढलं की तुमच्याकडची रेंज जाते. पत्राला रेंज लागत नाही. तुमच्या मुलीबद्दलच लिहितोय. चष्मा लावा आणि शेवटपर्यंत वाचा.

जिल्हा परिषदेची पक्की नोकरी सोडून ती बास्केटबॉल खेळायला निघाली तेव्हा तुम्ही विचारलं होतं, चेंडू आपटायचा पगार कोण देतं? खरं सांगतो, तेव्हा मीही मनातून तुमच्याच बाजूला होतो. पण देतात दादा. गेल्या बुधवारी तिचा फोन आला. इतके दिवस क्लबात ती बहुतेक वेळ बाकावरच असायची, पण रविवारी पहिल्यांदाच सुरुवातीच्या पाच जणींत तिचं नाव होतं. सामना तिथल्या दुपारी बारा वाजता, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला. 'काका, जमलं तर बघा,' एवढंच म्हणाली. मी म्हटलं, जमलं तर म्हणजे काय, बघणारच!

आता आमच्याकडे केबल नाही. दिवाळीत काढली. (काढू नकोस असं तुम्ही सांगितलं होतं, माझ्या लक्षात आहे.) म्हटलं, नसू दे, सगळं मोबाइलवर दिसतं. त्या लीगचं एक ॲप आहे. ते पोर्तुगीजमध्ये प्रश्न विचारतं आणि आपण अंदाजाने उत्तरं द्यायची. संघमित्राने एक कागद समोर ठेवून दोन संध्याकाळी तो फॉर्म भरला. पासवर्ड अकरा वेळा नाकारला गेला. मोठं अक्षर हवं, आकडा हवा, चिन्ह हवं. बाराव्या वेळी तिने रागाने जे टाइप केलं ते त्याला आवडलं, पण काय टाइप केलं ते तिला आठवेना. शेवटी रविवारी सव्वापाचला सगळं जुळलं, बँकेतून पैसे गेल्याचा मेसेज आला, आणि मग ॲपने मोठ्या सभ्यपणे कळवलं की हा सामना आपल्या देशात उपलब्ध नाही. पैसे मात्र आपल्या देशातले चालले.

दीक्षाला मेसेज केला. तिने बूट बांधता बांधता क्लबच्या स्वतःच्या पेजची लिंक पाठवली. उघडली, तर सामना सुरू! हिरवे शर्ट, अकरा नंबर, अगदी तिने सांगितलं होतं तसं. कॅमेरा इतका लांब की सगळ्या मुली तुरीच्या डाळीएवढ्या. पण अकरा नंबर काय खेळत होती दादा! संघमित्रा म्हणाली, पोरगी जरा भरलीये, तिथलं चीज. मी म्हटलं, केसही कापलेत. पंधरा मिनिटं आम्ही दोघं टाळ्या वाजवत, पाय आपटत होतो. मग संघमित्राने कोपऱ्यातली तारीख वाचली. सामना तीन वर्षांपूर्वीचा. त्या दिवशी दीक्षा हिंगोलीला तुमच्यासमोर बसून लिपिकाच्या परीक्षेचा अभ्यास करत असणार.

तेवढ्यात खालून गोजराबाई आल्या. गोजराबाई म्हणजे आमच्या घरमालकीण. इथलीच आगरी बाई, जिथे आमची बिल्डिंग उभी आहे तिथे त्यांचं भाताचं शेत होतं. 'काय वो, वरती काय नाचताव? माजा पंखा हालतंय!' मी सगळं सांगितलं. त्यांचं पहिलं वाक्य (तुमच्याशी अगदी जुळतं), 'केबल कापलीव ना, मंग भोगा.' दुसरं वाक्य, 'चला खाली. माजे घरी हाय केबल.'

त्यांचा टीव्ही भिंतीएवढा. त्यांनी रिमोट घेऊन एकूणएक चॅनल पालथं घातलं. कबड्डी निघाली, तीन सासवा निघाल्या, मिक्सरची जाहिरात निघाली, बास्केटबॉल कुठेच नाही. तेव्हा केबलची बाजू पडली, हे कृपया नोंदवून घ्यावं. मग त्यांची सून उन्नती हिने माझ्या फोनला वायर जोडून खरी लिंक शोधली आणि त्या भिंतीवर आपली दीक्षा आली.

दादा, मला नीट सांगता येणार नाही. अर्धा सामना होऊन गेला होता. चित्र मिनिटाला अडकत होतं, मध्ये ते गोल चक्र फिरत होतं, आणि कॅमेऱ्यासमोर एक टोपीवाला माणूस वारंवार उठत होता (गोजराबाई त्याला प्रत्येक वेळी 'बस रं मेल्या' म्हणायच्या, आणि तो खरंच बसायचा). पण जेवढं दिसलं तेवढं पुरलं. ती त्या संघात सगळ्यांत बुटकी. समोरच्या मुली विजेच्या खांबासारख्या, आणि ही त्यांच्या काखेखालून चेंडू घेऊन निघून जाते. तीनदा पडली. एकदा इतकी जोरात की संघमित्राने डोळे मिटले. तिने तळहात पुसले, उठली आणि पाडणाऱ्या मुलीलाही हात देऊन उठवलं. स्वतः बास्केट कमी केले, पण दुसऱ्यांना चेंडू असा द्यायची की त्यांना फक्त हात वर करायचं काम. गोजराबाईंना या खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण दहा मिनिटांत म्हणाल्या, 'तुमची पोर चेंडू बगत नाय. मानसा बगते.' मी दोन दिवस तेच वाक्य घोळवतोय. आणि पाठीवर काय लिहिलंय, माहीत आहे? वाठोरे. तिथला माइकवाला 'वातोर' म्हणतो, पण लोक ते नाव घेऊन ओरडत होते दादा. आपल्या बापाचं नाव.

शेवटची सात सेकंदं, एका गुणाने मागे, आणि दीक्षाला धक्का दिला म्हणून तिला दोन मोकळे चेंडू टाकायला मिळाले. कोणी अडवायचं नाही, फक्त ती आणि ती जाळी. तिने चेंडू दोनदा आपटला, श्वास घेतला, आणि चित्र थिजलं. एक मिनिट, दोन मिनिटं, चक्र फिरतंय. उन्नती वायर हलवतेय, संघमित्रा माझा दंड आवळतेय. गोजराबाई उठल्या, मुठीत मीठ-मिरच्या घेऊन आल्या आणि थिजलेल्या दीक्षाची टीव्हीवरूनच दृष्ट काढली. आपण हे मानत नाही, दादा. पण मी त्यांना अडवलं नाही.

वीस मिनिटांनी चित्र परत आलं तेव्हा हॉल रिकामा होता आणि एक माणूस फरशी पुसत होता.

अर्ध्या तासाने तिचाच फोन आला. एक जाळीत गेला, एक चुकला. बरोबरी झाली, जादा वेळेत त्यांचा संघ तीन गुणांनी हरला. 'सामना माझ्यामुळे गेला, काका,' म्हणाली. रडत नव्हती. म्हणाली, उद्यापासून रोज दोनशे टाकणार. अशी मुलगी तुमच्या घरात जन्मली, म्हणून तुमचं अभिनंदन करावं, एवढ्यासाठीच हे पत्र.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमचा,
चंद्रशेखर

ता.क. अभिनंदनाशिवाय एक छोटी गोष्ट राहिली. फोन ठेवताना तिने विचारलं, 'बाबांनी बघितला का?' आणि माझ्या तोंडून निघून गेलं, हो. एवढ्यावर थांबलो असतो तर ठीक होतं. पण मी म्हणालो, मोबाइलवर शेवटपर्यंत बघितला, डोळ्यांना पाणी आलं त्यांच्या. ती म्हणाली, शनिवारी संध्याकाळी मी बाबांना फोन करते. म्हणून सगळं इतकं सविस्तर लिहिलंय. हिरवा शर्ट, अकरा नंबर, तीनदा पडली, एक गेला एक चुकला. टोपीवाल्याचाही उल्लेख करा, म्हणजे खरं वाटेल. दादा, पाया पडतो, मला उघडा पाडू नका.

ता.क. २. भाऊजी, मी संघमित्रा. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय, म्हणून यांच्या नकळत लिहिते. पाणी यांच्याच डोळ्यांना आलं होतं. आणि दीक्षाला तेव्हाच कळलं होतं. रात्री मला मेसेज आला तिचा, 'काकू, काकांना खोटं बोलता येत नाही. पण त्यांना काही सांगू नका. बाबांना फोन करायला मला कारण मिळालंय.' तेव्हा पाठांतर करू नका, भाऊजी. शनिवारी फक्त फोन उचला.