खुलताबाद सेंटरची बंद तपासणी

९ सप्टें., मंगळ.
रक्त तपासणाऱ्या आमच्या लॅबच्या प्रोग्रॅममधली नेटवर्कची जुनी लायब्ररी, म्हणजे तयार कोड, काढून नवी घालत होते. दहा मिनिटांचं काम म्हणून बसले. खुलताबाद सेंटरच्या फाइलमध्ये माझीच ओळ सापडली : सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासू नको. खाली दुसरी : त्याबद्दलचा इशाराही दाखवू नको. वर माझीच टीप, 'तात्पुरतं. दसऱ्यानंतर काढणे.'
दसरा होऊन अकरा महिने झाले.

१० सप्टें., बुध.
सगळं आठवतंय. सेंटरच्या उद्घाटनाला लॅबच्या मालक डॉक्टरांनी मुहूर्त काढलेला, अकरा सव्वीसचा. फीत, पेढे, खुर्च्या. आणि खुलताबादचा कॉम्प्युटर औरंगपुऱ्याच्या मुख्य लॅबशी जोडलाच जाईना. प्रमाणपत्राची काहीतरी चूक दाखवी. डॉक्टर म्हणाले, "अगं, मुहूर्त टळतोय." मी प्रमाणपत्राची तपासणीच बंद केली. लगेच जोडला गेला. टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या.
म्हणजे समोर आपलीच लॅब आहे की भलताच कुणी, हे न बघता तो कॉम्प्युटर अकरा महिने पासवर्ड आणि रिपोर्ट देत राहिला. नेट शेजारच्या मोबाईल दुकानाचं. त्या वायफायचा पासवर्ड गिऱ्हाइकांसाठी भिंतीवर लिहिलेला. कुणीही मध्ये बसून सगळं वाचू शकलं असतं...

१२ सप्टें., शुक्र.
खुलताबादला गेले. तपासणी चालू केली, पुन्हा तीच चूक. या वेळी नीट वाचली : प्रमाणपत्राची मुदत अजून सुरूच झालेली नाही. कॉम्प्युटरची तारीख चार वर्षं मागे. आतली बटनाएवढी बॅटरी मेलेली. बदलली, तारीख लावली. जोडला गेला. एवढंच होतं! मूर्ख बाई, दोन मिनिटं वाचलं असतंस तर.
पासवर्ड बदलला. सेंटरलाही स्वतःचं प्रमाणपत्र आणि डिजिटल किल्ली दिली. आता दोन्हीकडून ओळख पटल्याशिवाय बोलणं सुरू होणार नाही.
सेंटर सांभाळणाऱ्या नसरीनला खरं सांगितलं. हातमोजे काढून ती खुर्चीत बसली. "ताई, बायका रिपोर्टचा कागद नको म्हणतात. घरात कुणाच्या हाती पडंल म्हणून. मीच सांगते त्यांना, थेट डॉक्टरकडं जातं, बीच में कोई नहीं देखता."
मला तिच्याकडे बघवेना.

१३ सप्टें., शनि.
डॉक्टरांना सांगितलं. कुणी दारात उभं करत नव्हतं तेव्हा यांनी मला काम दिलं. त्यामुळे जीभ अडखळली.
"कुणी पाहिलं का पण?"
"माहीत नाही सर. कळायला मार्गच नाही."
"मग उगाच घबराट कशाला? दुरुस्त केलंस, विषय संपला. हे बाहेर गेलं तर लॅबही जाईल आणि तुझं कामही."
सुटल्यासारखं वाटलं. आता त्याचीच लाज वाटतेय.

१५ सप्टें., सोम.
नसरीनचा फोन. एक बाई रक्त द्यायला आलेली, पण आधी खात्री हवी म्हणते. "तुम्हीच बोला ताई."
बाईंनी विचारलं, "माझा रिपोर्ट दुसरं कुणी बघत नाय ना?"
म्हटलं, नाही, आता कुणी बघू शकत नाही. खरं बोलले.
"उन्हाळ्यात पण इथंच दिलं व्हतं. घरी मी सांगायच्या आधीच समद्यांना ठावं. कुणी सांगितलं, अजून कळलं नाय."
गावात बातमी फुटायला शंभर वाटा असतात. माझी ओळ त्यातली एक...
शेवटी म्हणाले, "उद्या मी येते तिथं. समोर बसून सांगते."
डॉक्टरांना विचारलेलं नाही.