अण्णांचे डोळे ओळीवर फिरत नाहीत

२२ जून, रविवार

कोर्ससाठी केस मिळाली! कासारवाडीभर शोधत होते आणि ती आमच्याच घरात, खिडकीपाशी खुर्ची टाकून बसलीय. माझे वडील.

दीड वर्ष हा ऑनलाइन पदव्युत्तर कोर्स रेटतेय. पिंपळे गुरवला शिकवते. शाळा सुटली की धावत घरी, कुकर लावायचा, कानात इयरफोन, समोर लेक्चर. शेवटी म्हणे मी रीडिंग स्पेशालिस्ट होणार. अण्णा सगळ्यांना सांगतात, "आमची आम्रपाली वाचनाची डॉक्टर होतेय." आता शेवटचं सत्र. वाचता न येणारा एक विद्यार्थी घ्यायचा, वय कितीही चालेल. त्याच्याबरोबर तीस तास बसायचं, व्हिडिओ पाठवायचे आणि शेवटी त्याने कधीही न पाहिलेला उतारा कॅमेऱ्यासमोर वाचून दाखवायचा. तरच सर्टिफिकेट.

मे महिन्यात अण्णांच्या मेंदूला झटका आला. हातपाय धड राहिले, बोलणं धड राहिलं. वाचणं तेवढं गेलं. डॉक्टर म्हणाले, लिहिण्याचा रस्ता शाबूत आहे, वाचण्याचा तुटलाय. म्हणजे काय, ते परवा कळलं. अण्णांनी किराण्याची यादी लिहिली, तेच त्यांचं वळणदार अक्षर. दुकानात गेले आणि स्वतःचीच यादी वाचता येईना! बराच वेळ उभे राहिले म्हणे. मग कागद दुकानदारापुढे सरकवून म्हणाले, "चष्मा विसरलो." चष्मा नाकावर होता.

माझ्या मेंटॉर मिनल मॅडम स्क्रीनवरून म्हणाल्या, "घरचंच माणूस घेताय. जमेल ना?" म्हटलं, न जमायला काय झालं!

२५ जून

पहिला तास. एका मिनिटात तीन शब्द. त्यातले दोन अंदाजाने.

'कमळ' दाखवलं. अण्णांनी कार्ड लांब धरलं, जवळ धरलं. म्हणाले, "हे कुठल्या भाषेतलं आहे?" चेष्टा करत नव्हते.

मी हसून पुढचं कार्ड काढलं. नंतर बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

३० जून

पुस्तकात एक उपाय आहे. डोळे ओळखत नसतील तर हाताला ओळखू द्यायचं. अक्षरावरून बोट फिरवायचं. शाळेत मी पोरांना परातीत रवा पसरून देते, तसाच अण्णांना दिला. त्यांनी कार्डावरून हळूहळू बोट फिरवलं, मग तेच रव्यात गिरवलं, आणि ओठ हलले — "पा… णी. पाणी!"

एका शब्दाला दोन मिनिटं लागली. पण तो अंदाज नव्हता, ते वाचन होतं! मी टाळ्या वाजवल्या. तिथेच चुकलं माझं.

"बालवाडीत बसवलंस मला," म्हणाले. कंपनीत युनियनची पत्रकं लिहिणारा माणूस. उठले, रवा नीट डब्यात भरला, परात विसळली आणि बाहेर जाऊन बसले.

४ जुलै

आजही बसले नाहीत.

८ जुलै, मंगळवार

परवा वर्षावास सुरू. आषाढी पौर्णिमा ते आश्विनी पौर्णिमा, तीन महिने रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन. आणि वाचणार कोण? एकतीस वर्षं अण्णासाहेबच वाचतात. कंपनीत होते तेव्हा या तीन महिन्यांत त्यांनी कधी सेकंड शिफ्ट घेतली नाही, सुपरवायझरशी भांडून फर्स्ट मागून घ्यायचे. आई गेली त्या वर्षीसुद्धा चार दिवसांतच जाऊन बसले होते.

मी म्हटलं, या वर्षी दुसऱ्या कुणाला सांगू या.

"काय सांगायचं? अण्णासाहेबाला अक्षर ओळखू येत नाही म्हणून?"

"तुम्ही आजारी होतात. लोक समजून घेतात."

"एकाही माणसाला कळता कामा नये, आमू." आवाज कापत होता. अण्णांचा!

विक्की चाकणहून नाइट करून आला होता. दोन घास खाल्ले आणि सहज म्हणाला, "ताई, रोजचं प्रकरण तू फोनवर वाचून रेकॉर्ड कर. अण्णा दिवसभर ऐकतील. अर्धा ग्रंथ तसाही त्यांना पाठ आहे." आणि जाऊन झोपला. माझ्या भावाला कुठल्याही गोष्टीवर जुगाड सापडतो.

अण्णा माझ्याकडे बघत होते. मी हो म्हटलं.

१५ जुलै

जमलं. कुणाला कळलं नाही.

मी रोज सकाळी प्रकरण वाचून देते. अण्णा इयरफोन लावून फिरायला जातात. रेल्वे स्टेशनपर्यंत जाऊन येतात, पुन्हा जातात. लोकांना वाटतं, म्हातारा गाणी ऐकतोय. संध्याकाळी पांढरा सदरा घालून ग्रंथ उघडून बसतात आणि खणखणीत म्हणतात. पान कधी उलटायचं ते कळत नाही, म्हणून मी शेजारी बसते आणि पान संपलं की खोकते.

मी वाचन शिकवायला निघालेली बाई! माझ्या चौथीच्या वर्गात कुणी पाठ करून वाचल्याचं सोंग केलं, की मी खालची ओळ हाताने झाकते. एका क्षणात पोर उघडं पडतं. आणि घरी बापाला तेच सोंग शिकवतेय, तेही पद्धतशीर.

१९ जुलै

मंजुळाबाईंनी माझ्या हातात ज्येष्ठमधाची पुडी ठेवली. "खोकला लई दिस झाला गं तुला. छातीत उतरायचा." पंच्याहत्तरीच्या आहेत, पहिल्या रांगेत बसतात, एक दिवस चुकवत नाहीत. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

२ ऑगस्ट

आज घोटाळा झाला! घाईत मी कालचंच रेकॉर्डिंग पाठवलं. अण्णांना वाटलं, आज तेच पुन्हा घ्यायचं असेल. विहारात अण्णांनी काल झालेलं प्रकरणच पुन्हा सुरू केलं. खोकू कुठे नि काय! ते शेवटपर्यंत म्हणत गेले, मध्ये डोळे पुसले, ग्रंथ मिटला. चाळीस माणसं बसली होती. एकानेही चुळबूळ केली नाही. सगळे नेहमीसारखे "जय भीम" म्हणत चपला शोधायला लागले.

म्हणजे कुणाचंच लक्ष नसतं. बरं झालं. पण वाईटही वाटलं. एकतीस वर्षं हा माणूस कुणासाठी वाचतोय?

२० ऑगस्ट

तेरा तास झाले. वेग मिनिटाला चार शब्द, तेही आठवड्यातून दोन दिवस, मनात आलं तर. "विहारातलं नीट चाललंय ना? मग हे कशाला?" असं म्हणतात. खरं आहे. सोंग वठायला लागल्यावर शिकायची गरज काय? ती गरज मीच मारली.

मुख्याध्यापिकाबाईंना वाचनाच्या वेगळ्या तासाबद्दल पुन्हा विचारलं. माझ्या वर्गात अकरा मुलं आहेत जी जोडाक्षर आलं की अडून बसतात. "सर्टिफिकेट आणा, मग बघू." सगळं तिथेच येऊन अडतं.

२९ ऑगस्ट

अण्णा दाराच्या चौकटीला धडकले. उजवीकडचं नीट दिसत नाही. टेंगूळ आलं. मला म्हणाले, "तुझ्या कोर्समध्ये याचा धडा आहे का?" मी ओरडले त्यांच्यावर. इतकं ओरडायला नको होतं.

७ सप्टेंबर, रविवार

लिहू का हे? लिहितेच. दुसरं कुणाला सांगू?

तास अजून भरायचेत, तरी शेवटच्या परीक्षेचा उतारा आला. विद्यार्थ्याला आधी दाखवायचा नाही, असं वर ठळक लिहिलेलं. एका सुतारपक्ष्याची गोष्ट, शंभर शब्दांची. मी तो फोनवर वाचून रेकॉर्ड केला आणि अण्णांना दिला. ते म्हणाले, "हे ग्रंथातलं नाही." मी म्हटलं, "नाही. हे माझ्यासाठी."

एवढंच. पुढे काही विचारलं नाही त्यांनी. दोन दिवस ऐकलं. आज कॅमेऱ्यासमोर कागद धरून घडाघडा म्हटलं. मिनिटाला एकसष्ट शब्द. मध्ये लोणावळा लोकल गेली तर थांबून पुन्हा सुरू केलं, इतकं झकास!

पाठवून दिलं.

१४ सप्टेंबर

मिनल मॅडमचा कॉल. मला वाटलं, अभिनंदन करतील.

"आम्रपाली, व्हिडिओ आवाज बंद करून बघितलात का?"

नव्हता बघितला.

"बघा. त्यांचे डोळे ओळीवर फिरत नाहीयेत. एका जागी आहेत. ते वाचत नाहीयेत, आठवतायत."

दीड वर्ष हेच तर शिकले मी! वाचणाऱ्याचे डोळे टप्प्याटप्प्याने पुढे सरकतात. पहिल्या महिन्यातला धडा.

"मी वर कळवलं तर तुमचा कोर्सच रद्द होईल. नाही कळवत. पण ही केस बाद. ऑक्टोबरअखेरपर्यंत न पाहिलेल्या मजकुराचं खरं वाचन पाठवा. दोन ओळी असल्या तरी चालतील. नाहीतर पुढच्या वर्षी पहिल्यापासून." मग म्हणाल्या, "मला त्या चार शब्दांचा व्हिडिओ जास्त आवडला असता."

फोन स्पीकरवर होता. वळून बघते तर अण्णा मागे उभे. एकसष्ट शब्द म्हणणारे अण्णा.

१५ सप्टेंबर

कोर्स सोडतेय. विक्कीला सांगितलं. "बघ बाबा तुझं तू," म्हणाला. त्याचंही बरोबर आहे.

२१ सप्टेंबर

आठ दिवस घरात कामापुरतं बोलणं. विहारात मात्र रोज जातोय, रोज तेच. आज परत येताना अण्णा रस्त्यातच थांबले.

"तुझं माझ्यामुळे गेलं."

"माझं मी घालवलं."

"मी नाही म्हणायला पाहिजे होतं. सुतारपक्षी आला तेव्हाच कळलं होतं मला." खाली बघत होते. "पण वाटलं, तूही माझ्यासाठी खोटं वागतेस. एक खोटं माझंही होऊ दे."

आम्ही दोघं एकमेकांना सांभाळता सांभाळता पार गाळात गेलो. चिडायलासुद्धा कुणी उरलं नाही. फुटपाथवर उभी राहून रडले मी. अण्णांनी रुमाल दिला. लोक बघत होते.

२ ऑक्टोबर

मिनल मॅडमचे दोन मेसेज. उत्तर दिलं नाही. अंगात त्राणच नाही. वर्गातली अंजली आज फळ्यावरचं वाचताना अडली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी तिचं वाक्य पुरं करून टाकलं. असं मी कधी करत नव्हते.

५ ऑक्टोबर, रविवार

उद्या वर्षावासाची सांगता. शेवटचं प्रकरण रेकॉर्ड करायला बसले तर अण्णा म्हणाले, "नको."

"पाठ आहे?"

"नाही."

सदऱ्याला इस्त्री करत बसले. उद्या चाळीस नाही, दोनशे माणसं असतील, बाहेरगावचेही येतील. सगळ्यांसमोर तोंडघशी पडतील. मी अडवणार नाही. अडवायचं तोंड कुठे आहे मला?

६ ऑक्टोबर, सोमवार

अण्णांनी ग्रंथ उघडला आणि म्हणाले, "मला वाचता येत नाही. मे महिन्यापासून. एवढे दिवस मी तुम्हाला फसवलं." पहिल्या रांगेतून मंजुळाबाई म्हणाल्या, "आमाला पयल्या दिसापासनं ठावं हाय, अण्णासाहेब. वाचा तुमी. आमी बसलोय."

अण्णांनी बोट टेकवलं आणि एकेक अक्षर गिरवत एक ओळ वाचली. सहा-सात मिनिटं लागली असतील. दोनशे माणसांतलं कुणी उठलं नाही. त्यांचे डोळे बोटामागून सरकत होते, मी बघितले. व्हिडिओ घ्यायचं सुचलंच नाही मला, फोन पर्समध्येच राहिला. घरी येताना अण्णा म्हणाले, "उद्या परात काढ. आणि तुझ्या त्या मॅडमना कळव."

कळवलं.