इस्पितळात न चाललेला पास

प्रिय बोर्गहिल्ड,

ऑस्लोत मी मजेत आहे. लेकीने दिलेला संग्रहालयांचा पास दाखवला की कुठेही आत सोडतात. काल ध्रुवावर जाऊन आलेलं जहाज पाहिलं आणि बाहेर बाकावर तू बांधून दिलेला चीज-पाव खाल्ला. मेंढी व्याली का गं?

आज तपासणीला गेलो, तर सवयीने इस्पितळाच्या खिडकीतही पासच पुढे केला. तिथली बाई खो खो हसली. म्हणाली, “आजोबा, हे काय संग्रहालय आहे? एवढे जुने नाही झालात अजून!”

डॉक्टरांना भेटून पुन्हा त्याच खिडकीशी आलो. तिने डॉक्टरांनी दिलेला कागद वाचला, आणि या वेळी ती हसली नाही.

पास परवापर्यंत चालतो, पण मी उद्याच निघतोय. स्टेशनवर लेकीला आणू नकोस. तू एकटीच ये.

तुझाच,
अर्विद