डाव्या गालाचे तीन फोटो

वाशीम
२ जानेवारी २०२४

चि. रत्नमाला हिस,
सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर बोलावं तर जबडा दोन बोटांच्या वर उघडत नाही, आणि तू एका दमात तीन प्रश्न विचारतेस; त्यापेक्षा आपलं पत्र बरं. नागपूरच्या डॉक्टरांनी १० तारीख दिली आहे. डावीकडचं जबड्याचं हाड काढणार आणि मांडीचं कातडं आणून तिथं ठिगळ लावणार. वर्गात सुभाषितं शिकवायची आणि मधल्या सुट्टीत तंबाखू मळायची, हे तीस वर्षं चाललं. त्याची ही गुरुदक्षिणा.

तर दोन्ही गाल एकमेकांना ओळखतात तोवर माझा एक चांगला फोटो काढ. बाबांचा भिंतीवरचा फोटो आठव. मतदानाच्या कार्डावरचं डोकं आणि खाली कुणाचा तरी निळा कोट. बाबांनी जन्मात कोट घातला नाही. माय अजून म्हणते, तोंड पुंजाजीचं हाये, मानूस दुसराच हाये. मेहुणे संघदीपराव गेल्यावर स्टुडिओ तू एकटीनं सांभाळलास, तेव्हा यातलं मला नाही, तुला कळतं. मला कुणाच्या कोटात बसवू नकोस, एवढंच.

रविवारी सकाळच्या एसटीने येतो. तुझी उज्ज्वलावहिनी दवाखान्याची पिशवी भरून दाराशी ठेवून मोकळी झाली आहे. मायला नमस्कार.

आहे ती माया पातळ होऊ देऊ नये.
तुझा,
प्रसेनजितदादा


अनसिंग
९ जानेवारी २०२४

ति. दादास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

फोटो सोबत धाडला हाये. वहिनीचा फोन आला होता. तू म्हणे दहाची तारीख पुढं ढकलली, काहून तर फोटो पाहिल्याशिवाय जात नाही म्हणून. आता पाहून घे.

इथं गिऱ्हाईक आलं की धबधब्याच्या पडद्यापुढं ताठ बसते आन दोनी कान दिसले पायजे म्हणते. एक कान लपला तर त्याले वाटते आपुन अर्धेच आलो. तुले तसं बसवलं नाही. पडदा काढला, उत्तरेच्या खिडकीजवळ खुर्ची ठेवली, खांदा वळवला आन तोंड परत माझ्याकडं आणलं. डावा गाल सावलीत गेला. पार काळा पडू नये म्हणून त्या बाजूनं थर्माकोलचा पांढरा पत्रा धरला. तो मायनं धरला होता, म्हणून हलला. तिले आता तिकडली भिंतही नीट दिसत नाही, पण मले विचारत होती की माझा पोरगा हासून राह्यला का.

दादा, तुले सगळा जिल्हा विचारायले येते. तू मले पहिल्यांदाच काही विचारलं. लय बरं वाटलं.

चुकलंमाकलं सांगावं, पण रागावू नये.
तुझी,
रत्नमाला


वाशीम
१५ जानेवारी २०२४

चि. रत्नमाला हिस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

फोटो पोचला. उजेड उत्तम. मात्र जुन्या मूर्तिशास्त्रात देहाचे समभंग, आभंग, अतिभंग असे बाक सांगितले आहेत आणि मी त्यापैकी कशातच बसत नाही. मी दिसतो बस चुकून बाकावर बसलेल्या माणसासारखा. हात तर पाहा. परीक्षेत कॉपी पकडून ती कुठं ठेवावी हे न कळलेल्या पर्यवेक्षकाचे ते हात आहेत.

डॉक्टरांनी आता २४ तारीख दिली आहे. त्याआधी २१ला रविवार येतो. हातांचं काहीतरी कर. उज्ज्वला माझ्याशी बोलत नाही. पिशवी मात्र दाराशीच आहे.

थोडी सवड माझ्यासाठी राखावी, ही विनंती.
तुझा,
दादा


अनसिंग
२५ जानेवारी २०२४

ति. दादास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

रविवारचा फोटो पाहा. हाताचं तुझं खरं होतं. रिकामे हात फोटोत खोटे दिसतात, म्हणून यावेळेस तुझा चश्मा तुलेच पुसायले लावला. हनुवटी थोडी पुढं घेऊन खाली केली, त्यानं मानेच्या वळ्या गेल्या. कॅमेरा तुझ्या डोळ्याच्या उंचीवर आणला. श्वास सोड म्हटलं, तू सोडला, आन तेव्हाच बटन दाबलं. खांदे कसे उतरले पाहा. चार दिवस दुपारी दुकान बंद करून मी मोबाईलवर याचेच व्हिडिओ पाहात होती.

वहिनी फोनवर रडली. चोवीसची तारीख गेली आन चौदा फेब्रुवारी झाली म्हणे. मी तिले म्हटलं, वहिनी, दादाचं खरं हाये, हात खरंच चुकले होते. तिनं फोन ठेवून देला.

माय इचारते, तुझा दादा जेवते का.

तिच्या जिवाले घोर लावू नये.
तुझी,
रत्नमाला


वाशीम
२ फेब्रुवारी २०२४

चि. रत्नमाला हिस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

हात उत्कृष्ट. चश्मा तर माझ्यापेक्षा विद्वान दिसतो. पण डोळे? मूर्तिकार डोळे सर्वांत शेवटी उघडतो, कारण तिथं चुकलं की सगळा दगड वाया. या फोटोतला माणूस भ्यालेला आहे. तीस वर्षं पोरं ज्याला भ्यायली तो हा नव्हे. असा भिंतीवर गेलो तर येणारा-जाणारा मलाच धीर देईल.

११ला शेवटचं बसतो. मग चौदाचं बघू.

मायला सांग, जेवतो. पेज हेही अन्नच.

कंटाळा केला तरी चालेल, टाकू मात्र नये.
तुझा,
दादा


अनसिंग
१३ फेब्रुवारी २०२४

ति. दादास,
सप्रेम जयभीम.

हे पत्र टपालात टाकत नाही. हरीओमच्या ऑटोनं आजच तुझ्या घरी येईल. लिफाफ्यात तीनही फोटो हायेत. मागं तारखा लिहिल्या.

परवाचा सगळ्यात चांगला आला. नजर सरळ हाये. कोणता मढवायचा म्हणून मी तीनही टेबलावर एकमेकाजवळ ठेवले. खुर्ची तीच, खिडकी तीच, कॅमेऱ्याचं अंतर तेच, कारण फरशीवर मी खडूच्या खुणा करून ठेवल्या होत्या. बदलला तो फक्त तुझा गाल. पहिल्यात सूज कानाच्या पाळीखाली हाये. दुसऱ्यात कॉलरले टेकली. तिसऱ्यात ओठाचा कोपरा खाली ओढला गेला, अन मी येडी त्याले सावली समजून पत्रा सरकवत राह्यली. पाच हप्ते झाले, दादा. मी मोजपट्टी लावली नाही. लावायची गरज नव्हती.

तू फोटोच्या आडून तारखा ढकलत राह्यला अन मी तुले खुर्ची देत राह्यली. वहिनी रडत होती तवा मी तुझ्या हाताचं कौतुक करून राह्यली होती. तू मले विचारून राह्यला याचीच मले धुंदी चढली होती.

आता मी तुझा फोटो काढत नाही. रविवारी आलास तर शटर बंद दिसेल. उद्या वहिनीसंग गाडीत बस.

राग आला तर येऊ दे, पण जा.
रत्नमाला


नागपूर
२० फेब्रुवारी २०२४

चि. रत्नमाला हिस,
सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

चौदाला आलो, तपासण्या झाल्या. ऑपरेशन उद्या सकाळी. तुझे तीनही फोटो इथल्या फाइलमध्ये लागले आहेत. डॉक्टरांनी मागच्या तारखा वाचल्या, पुढची बाजू पाहिली आणि कुणी काढले म्हणून विचारलं. मी सांगितलं, बहिणीनं. ते म्हणाले, पहिल्या फोटोच्या वेळी आला असतात तर हाडावर भागलं असतं. आता जीभही अर्धीअधिक जाईल.

हे तुला कळवू नये असं उज्ज्वला म्हणते. पण तू ते आमच्या सगळ्यांच्या आधी पाहिलंस, तेव्हा तुझ्यापासून काय लपवायचं. तुझ्याकडे यात काडीचाही दोष येत नाही. पहिल्याच फोटोत हात बरोबर होते, रत्नमाला. डोळेही बरोबर होते. भ्यालेला माणूस तू जसा होता तसाच काढलास. आणि खुर्चीत बसलो की तू दोन बोटांनी माझी हनुवटी सरळ करायचीस, तेवढा वेळ भीती वाटत नसे. त्या लोभानं तीनदा आलो.

गंमत अशी की चेहऱ्याच्या नादात आपल्या दोघांनाही आवाजाचं सुचलं नाही. उद्यानंतर पेनाची शाई पुरेल तेवढंच बोलणं.

आज चार वाजता तुला फोन करणार आहे. दुखेल, चालेल. हे पत्र पोचेल तेव्हा तो फोन होऊन तीन दिवस झाले असतील. मी मायच्या गुडघ्यांचं विचारीन, तूर निघाली का विचारीन, स्टुडिओच्या गळक्या पत्र्याचं विचारीन, मायच्या कानाला फोन लाव म्हणेन. तू दोनदा तरी म्हणशील की दादा, गिऱ्हाईक बसलं हाये, ठेव आता. तरी मी ठेवणार नाही. तेव्हा तुला राग येईल, फोन का ठेवला नाही हे आत्ता कळेल.

आजवर माझी बडबड सोसलीस, तसं यापुढचं गप्प राहणंही सोसावं.
तुझा,
प्रसेनजितदादा